तंकमणीने जुळवलेली चित्रं

तंकमणीला ऑफिसात चित्रं काढायला कुणी ठेवलं नव्हतं. तिला ठेवलं होतं माहितीपुस्तिका लिहायला.

कोझिकोडला मावूर रोडवर, चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, विनयन आणि अश्रफ या दोन मित्रांनी तीन खोल्यांत कंपनी थाटली होती. जे दुखणं आता बरं होणार नाही, त्या दुखण्याच्या माणसांकडे घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणारी केंद्रं आमच्या मलबारात गावोगाव आहेत. गावकरीच ती चालवतात. या केंद्रांसाठी कंपनीने एक प्रोग्रॅम केला होता. आज कुणाच्या घरी जायचं, कुणाला कुठलं औषध दिलं, कुणाची जखम कधी बांधली, हे सगळं त्यात ठेवायचं. प्रोग्रॅम वापरणार कोण, तर नर्स आणि गावातले कार्यकर्ते. त्यांना समजेल अशा भाषेत कुणीतरी लिहायला हवं होतं, की हे बटण दाबा, मग ते दाबा. त्या कामासाठी तंकमणी आली.

तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. आधीची एकोणीस वर्षं एका इंजिनियरच्या कचेरीत घरांचे नकाशे हाताने काढण्यात गेली होती. हाताने नकाशे काढणं संपलं, कचेरीही बंद झाली. नवरा सुधाकरन शारजाला एका गोदामात कामाला. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. घरात सासू आणि ती. रिकामं बसणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून कॉम्प्युटर शिकली आणि ही नोकरी धरली.

पुस्तिकेच्या शेवटी तिने एक तक्ता घातला. प्रोग्रॅममधले सगळे आयकॉन एका पानावर, आणि प्रत्येकाखाली त्याचं काम. एकूण बावन्न. पान छापून हातात आलं आणि तिने चहाचा पेला बाजूला ठेवला.

पडद्यावर ही चित्रं चार इथे, सहा तिथे अशी विखुरलेली असायची. एका पानावर आल्यावर त्यांचं खरं रूप दिसलं. औषधाची बाटली फुगीर आणि तेल लावल्यासारखी चकचकीत. शेजारचा कागद इस्त्री केल्यासारखा सपाट. जीप तिरकी, लांबून बघितल्यासारखी, तर घर अगदी समोरून. कशाला जाड काळी कड, कशाला कडच नाही. बाटलीवर उजेड डावीकडून पडलेला, सुईवर उजवीकडून.

तिने प्रोग्रॅम लिहिणाऱ्या जिजेशला बोलावलं. तो तिला चेची, म्हणजे ताई, म्हणायचा. "जिजेश, ही चित्रं काढली कुणी?"

"काढायची कशाला चेची? मिळतात. ढिगाने फुकट मिळतात. दहा ठिकाणांहून गोळा केली."

"दिसतंय ते. एकाला एक ओळखत नाही. आणि हे बघ, सुईवर उजेड इकडून, बाटलीवर तिकडून. एका खोलीत दोन सूर्य?"

"चेची, नर्सबाईंना सूर्य बघायला वेळ आहे का? बटण दाबलं की काम होतं. झालं."

काम होत होतं हे खरंच होतं. तरी ते पान तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिने विनयनला विचारलं. तो म्हणाला, "पुस्तिका आटपा, मग काढा काय काढायचं ते."

तिने चार महिने चित्रं काढली. चोवीस ठिपके लांब, चोवीस ठिपके रुंद, एवढ्याशा चौकोनात घर, बाटली, सुई, माणूस, जीप. सुधाकरनने फोनवर विचारलं, "सध्या काय चाललंय?" ती म्हणाली, "मिरचीच्या बीएवढी चित्रं काढते." तो म्हणाला, "मग चष्म्याचा नंबर वाढेल." आणि खरंच वाढला.

बावन्नही चित्रं तिने एकाच हाताची केली. एकच बारीक रेघ, एकच करडा रंग, आत काही भरलेलं नाही. बघणाऱ्याला थंड वाटावं असं ते पान झालं. अश्रफने ते चौकटीत घालून दारापाशी लावलं. कोचीहून आलेला एक पाहुणा म्हणाला, "हे बाहेरून करून घेतलं का?" तंकमणी त्या दिवशी घरी जाताना सासूसाठी हलवा घेऊन गेली. कारण काही सांगितलं नाही.

नवा प्रोग्रॅम अकरा केंद्रांवर गेला. तीन आठवड्यांनी त्यांतल्या आलंकडवच्या केंद्रावरून फोन आला. फोनवर तिथल्या आलीस सिस्टर होत्या, तीस वर्षं नोकरी केलेल्या नर्स. त्यांनी विनयनला आधी एवढंच सांगितलं, की कुंजिरामेट्टनच्या घरी मंगळवारी कुणी गेलं नाही.

कुंजिरामेट्टन म्हणजे कुंजिरामनदादा, विडी कामगार. जबड्याचा कॅन्सर. नाकातल्या नळीने पेज आणि त्याच नळीने वेदनेचं औषध. दर मंगळवारी केंद्राची जीप जायची, जखम बांधायची आणि आठवड्याची बाटली ठेवून यायची. त्या सोमवारी सिस्टरांना त्याचं नाव उद्याच्या यादीत घालायचं होतं. यादीत घालायचं बटण म्हणजे घराचं चित्र. त्याच्या शेजारचं बटण फाइल बंद करायचं, म्हणजे कागद ठेवायच्या फोल्डरचं चित्र. सिस्टरांनी घर म्हणून फोल्डर दाबला. प्रोग्रॅमने विचारलं, नक्की ना? दिवसातून वीस वेळा दाबतात तसं त्यांनी 'हो' दाबलं. कुंजिरामनची फाइल बंद झाली, नाव यादीत आलंच नाही. बाटली मंगळवारी संपली. गुरुवारी दुपारी त्याची बायको जानूअम्मा रिकामी बाटली पिशवीत घालून बसने केंद्रावर आली, तेव्हा सगळ्यांना कळलं.

ऑफिसात विनयनने हे सगळ्यांना सांगितलं. मग जिजेश हळूच म्हणाला, "प्रोग्रॅमने विचारलं तर होतं."

"गप रे," विनयन म्हणाला. मग तंकमणीकडे न बघता म्हणाला, "जुनी चित्रं परत घाला. आजच्या आज."

जिजेशने जुनी चित्रं परत घातली. तंकमणीने दाराजवळची चौकट उतरवून कपाटामागे ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आलंकडवला गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं.

केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीने दिलेल्या दोन खोल्या. आलीस सिस्टरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"चित्रं काढणाऱ्या त्या तुम्हीच का?"

"हो."

"छान होती. माझ्या धाकटीच्या लग्नाच्या पत्रिकेवर घालीन. इथे नकोत."

"सिस्टर, मला इथे बसून बघायचंय. तुम्ही काम कसं करता ते."

"बसा. पण मधे बोलायचं नाही. आणि त्या स्टुलाचा एक पाय हलतो."

ती बसली, आणि पहिल्याच तासात तिला एक गोष्ट दिसली. केंद्रावरचा कॉम्प्युटर कुणीतरी दान दिलेला होता. जुना, मागे पोट सुटलेला, पिवळट पडलेला पडदा. खिडकीतून ऊन थेट त्याच्यावर. तिने पेनड्राइव्हवर आणलेली आपली चित्रं त्या पडद्यावर उघडली. ऑफिसच्या नव्या पडद्यावर केसासारखी सुरेख दिसणारी करडी रेघ इथे विरून गेली होती. घर म्हणजे चौकोनावर टोक. फोल्डर म्हणजे चौकोनावर कान. उन्हात टोक आणि कान सारखेच.

दुपारी सिस्टरांनी डबा उघडला तेव्हा तंकमणीने विचारलं, "जुनी चित्रं न बघता सांगता येतील तुम्हाला?"

"न यायला काय झालं? लाल घर. पिवळी पिशवी."

"पिवळी पिशवी कुठली?"

"ती नाही का, फाइल बंद करायची. मग लठ्ठ बाटली. दोन टोपीवाले." म्हणजे पेशंट आणि सोबतचा नातेवाईक, हे तंकमणीला मागाहून कळलं. "आपली जीप. ती मात्र आपली नाही, आपली पांढरी आहे. आपला ड्रायव्हर हंसक्का रोज कुरकुरतो."

सिस्टरांनी एकोणीस चित्रं अशी सांगितली. प्रत्येक रंगाने नाहीतर अंगाने. पण छापणं, शोधणं, मागे जाणं, साठवणं यांतलं एकही चित्र त्यांना सांगता आलं नाही.

"मग छापता कसं?"

"वर कोपऱ्यात असतं ना ते. हात जातो तिथे. चित्र कोण बघतं?"

तंकमणीने हे वहीत लिहून घेतलं. त्याखाली खुणेची रेघ मारली. तेव्हा तिला त्याचा पुरता अर्थ लागला नव्हता.

ती चार दिवस रोज येत राहिली. तिसऱ्या दिवशी सिस्टर तिला 'अगं' म्हणू लागल्या. चौथा दिवस मंगळवार होता. जीप निघताना त्या म्हणाल्या, "चल, बस मागे. कुंजिरामेट्टनकडे जायचंय."

तंकमणी वही घेऊन मागे चढली. जीप चालवणारे हंसक्का, पांढऱ्या दाढीचे, वाटेत म्हणाले, "पोरी, एवढं घर काढलंस, बाटली काढलीस. माझ्या जीपला हिरवी पट्टी आहे हे कुणी सांगितलं नाही का तुला?"

नदीकाठचं दोन खणांचं घर. कुंजिरामन उशांना टेकून बसला होता, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. बोलता येत नव्हतं. पलंगावर कागदाची चळत आणि पेन्सिल. सिस्टर जखम बांधू लागल्या. तंकमणी दाराशीच थांबली. मग जानूअम्माला म्हणाली, "गेल्या मंगळवारी जीप आली नाही ना, ती चूक माझ्या चित्रांमुळे झाली. सिस्टरांची नाही."

जानूअम्माने पदराला हात पुसले. "सिस्टर म्हणाल्या होत्या, चूक त्यांचीच. तुम्ही म्हणता तुमची. दोन दिवस हा पलंगाची पट्टी धरून बसला होता. मी शेजारी. चूक कुणाची ते तुम्ही दोघी ठरवा."

तंकमणी आत येऊन पलंगापाशी उभी राहिली.

कुंजिरामनने सगळं ऐकलं होतं. त्याने कागदावर काहीतरी लिहून पुढे केलं. लिहिलं होतं, 'चित्र कसं होतं?'

तिने पलंगाच्या कडेला बसून दोन्ही चित्रं काढून दाखवली. घर आणि फोल्डर, एकाशेजारी एक, बारीक रेघेत, होती तशीच. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. चाळीस वर्षं विडीचं पान एका मापात कापलेला माणूस. बराच वेळ बघितलं. मग फोल्डरवर बोट ठेवून त्याने खाली लिहिलं, 'हे घर?'

"नाही. हे."

त्याने पेन्सिल उचलली आणि तिच्या घराच्या मधोमध एक उभा चौकोन काढला. तो दाबून दाबून काळा केला. मग लिहिलं, 'दार नाही. सिस्टर आत येणार कुठून?'

आलीस सिस्टर पट्टीची गाठ मारता मारता हसल्या. जानूअम्माही हसली. तंकमणीने तो कागद मागून घेतला.

ऑफिसात विनयन म्हणाला, "जुनी चालतायत ना? मग राहू देत."

"जुनी चालतात कारण सवय झालीय. नवी नर्स आली तिला पुन्हा पहिल्यापासून. जुन्यात बेशिस्त आहे, माझ्यात शिस्त आहे पण ओळख नाही."

"मग करायचं काय?"

"दोन तऱ्हांची चित्रं."

जिजेश खुर्ची फिरवून बघायला लागला. "चेची, दोन तऱ्हा नकोत म्हणून तर तुम्ही माझ्याशी भांडला होता!"

"तुझ्या दहा तऱ्हा होत्या, आणि कुठली कुठे याला कारण नव्हतं. घराच्या नकाशात भिंत जाड काढतात, पाण्याचा नळ तुटक रेघेने, माप बारीक रेघेने. वेगवेगळ्या रेघा एकाच कागदावर असतात, पण भिंत कधी तुटक होत नाही. वेगळी रेघ दिसली की गवंड्याला कळतं, ही वस्तू वेगळी."

तिने टेबलावर कागद पसरले. जी वस्तू डोळ्यांना दिसते, हाताला लागते, म्हणजे घर, बाटली, जखमेची पट्टी, माणूस, जीप, ती सगळी भरीव. प्रत्येकाला स्वतःचा रंग, स्वतःचं अंग. दुसरी तऱ्हा कामांची. छापणं, शोधणं, मागे जाणं. ती रेघेची, पण आधीपेक्षा दुप्पट जाड, शाईच्या रंगाची, कारण तिथे हात जागेच्या सवयीने जातो. आणि दोन्ही तऱ्हा एका घरातल्या वाटाव्यात म्हणून काही गोष्टी सगळ्यांना सारख्या. चित्र टेकायची खालची ओळ एक. चौकोनाच्या कडेला दोन ठिपक्यांची मोकळी जागा. कोपऱ्यांची गोलाई एक. उजेड डावीकडून वरून. भरीव चित्राची कड आणि रेघेच्या चित्राची रेघ एकाच रंगाची.

"आणि फाइल बंद करायचं बटण?" अश्रफने विचारलं.

"ते पहिल्यांदा घराशेजारून उचलायचं. अगदी दुसऱ्या टोकाला."

"तिथे कचऱ्याचा डबा घालू," जिजेश म्हणाला. "सगळीकडे असतो."

तंकमणीने त्याच्याकडे बघितलं. "आमच्याकडे फाइल बंद होते ती बहुतेक वेळा माणूस गेल्यावर."

जिजेश ओशाळला. या एका चित्राला तीन आठवडे लागले. समई काढली तर ती हिंदूंची, क्रूस काढला तर ख्रिस्त्यांचा, आणि केंद्राची माणसं हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशी तिन्ही धर्मांची. शेवटी आलीस सिस्टरांनी फोनवर सांगितलं, "पूर्वी वह्या होत्या तेव्हा माणूस गेला की आम्ही त्याच्या वहीला दोरी बांधून कपाटात ठेवायचो." तंकमणीने दोरी बांधलेली वही काढली. राखाडी, भरीव.

घराला काळं दार केलं. जीप पांढरी, हिरव्या पट्टीची. यावेळी चित्रं ऑफिसच्या पडद्यावर तपासलीच नाहीत. ती आलंकडवला नेली, पिवळट पडद्यावर, दुपारच्या उन्हात. सिस्टरांना खाली लिहिलेली नावं झाकून दाखवली. बावन्नातली सत्तेचाळीस त्यांनी बरोबर सांगितली. चुकलेली पाच तंकमणीने पुन्हा काढली. हंसक्कांनी जीप बघितली आणि म्हणाले, "चाकं जरा लहान झालीत." पण मग सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवली.

तिने नियम मल्याळममध्ये एका पानावर लिहून जिजेशच्या भिंतीला चिकटवले. दोन महिन्यांनी त्याने कुठूनतरी चकचकीत छापयंत्राचं चित्र आणून घातलं. ती त्याच्याजवळ जाऊन त्या चित्राकडे बघत उभी राहिली. तो म्हणाला, "काढतो, काढतो. असं बघू नका."

कुंजिरामन कर्किडक महिन्यात, भर पावसाळ्यात, गेला. त्या दिवशी संध्याकाळी आलीस सिस्टरांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "फाइल आता बंद केली. मला वाटलं तुला सांगावं." तंकमणी जानूअम्माला भेटून आली. तिथे चित्रांचा विषय निघाला नाही. जानूअम्माने केळीचे काप पुढे ठेवले आणि आपल्या भाचीच्या नोकरीचं बोलत बसली.

पुढे कंपनी वाढली. बंगळुरूहून शिकून आलेला एक मुलगा चित्रांच्या कामावर ठेवला गेला, सव्वीस वर्षांचा, किरण नावाचा. पहिल्याच बैठकीत तो अदबीने म्हणाला, "मॅडम, इथे दोन शैलींची सरमिसळ झालीय. एकसारखं करायला हवं." जिजेशने कपाळाला हात लावला. तंकमणी म्हणाली, "करू. आधी एक आठवडा आलंकडवला जाऊन बस." तो नाखुशीने गेला. आठवडाभर बसला नाही, तीनच दिवस बसला. परत आल्यावर त्याने रेघेची जाडी कशी ठरवली ते विचारलं, आणि दोन चित्रांत तिची चूक दाखवली. सुईवर उजेड अजूनही उजवीकडून होता. इतकी वर्षं तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने सुई दुरुस्त केली आणि दुसऱ्या चित्रावरून त्याच्याशी दोन दिवस वाद घातला. ते दुसरं चित्र अजून तसंच आहे.

आता प्रोग्रॅममध्ये बावन्नाची एकशे चाळीस चित्रं झाली आहेत. निम्मी तिची, निम्मी किरणची. कुठलं कुणाचं ते तिला स्वतःलाही सांगता येत नाही. सुधाकरन कायमचा परत आलाय आणि घरी कुक्कुटपालनाच्या गोष्टी करतो. केंद्रं अकराची साठावर गेली आहेत. महिन्यातून एकदा ती न सांगता कुठल्यातरी केंद्रावर जाते, मागे स्टुलावर बसते, वही उघडते.

मागच्या महिन्यात ती डोंगराकडच्या एका नव्या केंद्रावर गेली होती. तिथली नर्स नवी, चोवीसेक वर्षांची. तिने बघता बघता सात नावं यादीत घातली, दोन औषधं नोंदवली, एकदाही न थांबता. मग मागे वळून म्हणाली, "तुम्ही कोण म्हणालात?"

"ऑफिसातून आलेय. प्रोग्रॅमच्या."

"बरं झालं आलात. त्या प्रिंटरला काहीतरी सांगा हो. सकाळपासून कागद खातोय."

तंकमणीने वही मिटली, चष्मा वर सरकवला आणि प्रिंटरचं झाकण उघडायला उठली.